फुकट व्हिडिओ एडिटर: नेमकं कुठे अडतं आणि का

कात्री

शाळेच्या स्नेहसंमेलनाचं चित्रण, मंडळाचा कार्यक्रम, रेसिपी, शिकवणीचे तास, असं काहीबाही आता घरोघरी एडिट होतं. दर महिन्याला तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले दिसतात, म्हणून मंचावर हा एकच धागा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅकवरच्या फुकट एडिटरमध्ये काय बिघडतं, का बिघडतं आणि नेमकं काय करायचं, तेवढंच इथे लिहूया. "अमुक सॉफ्टवेअर बंडल आहे" एवढाच प्रतिसाद कृपया नको. मशीन, फाइल आणि आवृत्ती सांगा.

सुरुवात परवान्यापासून, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच होतो. "फुकट" या पाटीखाली तीन वेगळे प्रकार विकले जातात.

शॉटकट, केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. त्यांत वॉटरमार्क (चित्रावर उमटणारी सॉफ्टवेअरची खूण) नाही, मुदत नाही, रेझोल्यूशनला मर्यादा नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पैसे घेणाऱ्या सॉफ्टवेअरची कापलेली आवृत्ती. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ३८४० × २१६० आणि सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) वॉटरमार्कशिवाय एक्स्पोर्ट देते, म्हणजे तयार फाइल बाहेर काढू देते. लाइटवर्क्सची फुकट आवृत्ती ७२०पी वर (७२० ओळींच्या चित्रावर) थांबते. क्लिपचॅम्प १०८०पी पर्यंत स्वच्छ फाइल देतं, पण त्याच्या लायब्ररीतलं प्रीमियम संगीत किंवा स्टॉक क्लिप एकदा जरी टाइमलाइनवर (क्लिप मांडायच्या पट्टीवर) आली तरी एक्स्पोर्टच्या वेळी पैसे मागतं.

तिसरा प्रकार नुसता चाचणीचा. फिल्मोरा सगळं करू देतं आणि एक्स्पोर्टमध्ये वॉटरमार्क उमटवतं. काम पूर्ण झाल्यावर हे कळतं, त्यामुळे राग येणं रास्त आहे. उपाय सोपा: कुठलंही नवं सॉफ्टवेअर टाकलं की आधी दहा सेकंदांची क्लिप आणा, तीवर मराठीत एक ओळ लिहा, एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहा. वॉटरमार्क, आवाज, अक्षरं, रेझोल्यूशन, सगळं पाच मिनिटांत समजतं.

आणखी एक. विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ ला बंद केला. त्या नावाने आज शोधात जे डाउनलोड वर येतात ते मायक्रोसॉफ्टचे नाहीत. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट या तिन्हींची अधिकृत संकेतस्थळं त्यांच्याच नावापुढे डॉट ऑर्ग लावून आहेत. शोधातल्या जाहिरातीवर क्लिक न करता पत्ता हाताने टाइप करा.

माझं ठाम मत असं की परवान्याचा भाग सोडला, तर उरलेल्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ पहिला कट मारण्याच्या आधी असतं: फाइल कशी आली आणि प्रोजेक्ट कसा उघडला यात.

पेनड्राइव्ह

चांगला धागा. पहिला प्रश्न टाकतो. फोनवरचं चाळीस मिनिटांचं व्याख्यान. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटाकडे आवाज मागे पडत जातो. मूळ फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये अगदी बरोबर चालते. ओपनशॉट आणि शॉटकट दोन्हींत तोच प्रकार.

फ्रेममोजणी

हा व्हेरिएबल फ्रेम रेटचा प्रकार आहे. फोनचा कॅमेरा "३० फ्रेम" म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की सेकंदाला २९, २८ अशा फ्रेम घेतो आणि प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहून ठेवतो. व्हीएलसी ती वेळ वाचून चित्र दाखवतं, म्हणून तिथे सगळं जुळतं. एडिटरला मात्र समान अंतराच्या फ्रेम लागतात.

हिशोब करून पाहा. दहा मिनिटांत सेकंदाला सरासरी २९.७ फ्रेम पडल्या, तर एकूण १७,८२० फ्रेम झाल्या. एडिटरने त्या ३० च्या गतीने चालवल्या तर चित्र ५९४ सेकंदांत संपतं आणि आवाज ६०० सेकंदांचा राहतो. म्हणजे दहा मिनिटांत सहा सेकंदांची तफावत, आणि ती हळूहळू वाढत जाते. म्हणूनच आवाजाची पट्टी मागेपुढे सरकवून हे सुटत नाही. एका ठिकाणी जुळवलं की दुसरीकडे सुटतं.

खात्री करायची तर मीडियाइन्फो हे छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात फाइल उघडा आणि "फ्रेम रेट मोड" पाहा. "व्हेरिएबल" लिहिलं असेल तर ती फाइल थेट टाइमलाइनवर ठेवू नका. फोनवरचं स्क्रीन रेकॉर्डिंग आणि झूमच्या बैठकांची रेकॉर्डिंग बहुतेकदा अशीच निघतात.

बदलायचे दोन रस्ते:

हँडब्रेक या फाइलचं स्वरूप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. व्हिडिओ टॅबमध्ये एन्कोडर एक्स२६४, फ्रेमरेट ३० (फाइल पंचवीसची असेल तर २५), त्याच्या खालचं "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडा. क्वालिटी आरएफ १८. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एवढं नको असेल तर प्रीसेटच्या यादीत "प्रॉडक्शन" नावाचा गट आहे, त्यातलं "प्रॉडक्शन स्टँडर्ड" घ्या. ते एडिटिंगसाठीच बनवलेलं आहे.

शॉटकट अशी फाइल ओळखून स्वतःच विचारतं, "एडिट-फ्रेंडली करू का?" तिथे पट्टीवर गुड, बेटर, बेस्ट अशा पायऱ्या असतात. गुड म्हणजे एमपी४, घरच्या कामाला पुरतं. बेटरच्या फाइली कित्येक पट मोठ्या होतात, त्यामुळे डिस्क आधी बघा. बरेच जण घाईत ही खिडकी बंद करतात आणि पुढे आवाज सरकला की शॉटकटला दोष देतात.

मात्र एक लक्षात असू द्या: बदल आधी, कट नंतर. अर्धं एडिट झाल्यावर फाइल बदलली तर कटांच्या जागा हलतात.

पेनड्राइव्ह

मीडियाइन्फोमध्ये व्हेरिएबलच निघालं. हँडब्रेकला लावलं आहे. सोबत एक उपप्रश्न: दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल २५ ची आहे. दोन्ही एकत्र?

फ्रेममोजणी

चालेल, पण प्रोजेक्ट कुठला ते आधी ठरवा. जास्त फुटेज ज्या गतीचं, तो प्रोजेक्ट. २५ चं चित्र ३० च्या प्रोजेक्टमध्ये टाकलं की दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते. माणूस उभा राहून बोलत असेल तर जाणवत नाही, कॅमेरा आडवा फिरवला की ठेचकाळतं.

पुढच्या वेळी चित्रीकरण करतानाच दोन्ही एकाच गतीवर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनला प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाका. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रावर काळपट पट्टे सरकतात, आणि ते फुकट एडिटरमध्ये नीट जात नाहीत.

रानवारा

आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शॉटकटमध्ये एक क्लिप ठीक चालते. टायटल आणि रंगाचा फिल्टर लावला की प्रीव्ह्यू अडखळत राहतो. रॅम वाढवू का?

कात्री

आधी खर्च नको. आधी फोनची फाइल एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवण्याची पद्धत) आहे का ते पाहा. ती आकाराने लहान असते, पण उलगडायला प्रोसेसरवर बराच जास्त भार टाकते. पुढच्या चित्रणासाठी आयफोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, "मोस्ट कम्पॅटिबल". अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये "हाय एफिशिअन्सी" बंद. आयफोन १२ पासून पुढे एचडीआर व्हिडिओही बंद करा, नाहीतर साध्या प्रोजेक्टमध्ये रंग पांढुरके किंवा भडक दिसतात आणि लोक तासभर रंगाच्या फिल्टरशी झटत बसतात.

आत्ता हातात असलेल्या फाइलींसाठी:

सेटिंग्ज मेन्यूत "प्रॉक्सी", "यूज प्रॉक्सी" सुरू करा. शॉटकट प्रत्येक क्लिपची छोटी प्रत बनवतं आणि ती टाइमलाइनवर चालवतं. एक्स्पोर्ट मूळ फाइलवरूनच होतं. त्याच मेन्यूतलं "प्रीव्ह्यू स्केलिंग" ५४० किंवा ३६० वर ठेवा. फिल्टरचा भार त्याने हलका होतो, प्रॉक्सीने तेवढा होत नाही, म्हणून दोन्ही लागतात.

रंगाचे फिल्टर सगळ्यात शेवटी लावा. कट, आवाज, अक्षरं झाली की मग रंग. आणि ब्राउझर बंद. ८ जीबीमध्ये क्रोमच्या वीस टॅब आणि एडिटर एकत्र नांदत नाहीत.

केडेनलाइव्हमध्ये हेच प्रोजेक्ट सेटिंग्जच्या प्रॉक्सी टॅबमध्ये आहे. तिथे रेंडरच्या खिडकीत "प्रॉक्सी क्लिप वापरून रेंडर" अशी खूण असते. ती चुकून लागली तर अंतिम फाइल धुरकट येते.

रानवारा

प्रीव्ह्यू स्केलिंग ५४० ला केल्यावर सुरळीत. आभार! पण एक्स्पोर्ट केलेलं मूळपेक्षा मऊ दिसतंय. प्रॉक्सीमुळे नाही ना?

कात्री

टाइमलाइनवर सगळ्यात पहिली कुठली क्लिप ठेवली होती?

रानवारा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. ८४८ × ४८०.

कात्री

तिथेच आहे. शॉटकटचा व्हिडिओ मोड "ऑटोमॅटिक" असला की पहिली क्लिप जे माप आणेल तेच अख्ख्या प्रोजेक्टचं माप होतं. नंतरची सगळी १०८०पी क्लिप त्या ४८० ओळींत दाबली गेली. पहिली क्लिप टाकायच्या आधी सेटिंग्ज, व्हिडिओ मोड, "एचडी १०८०पी ३० एफपीएस". रीलसाठी त्याच यादीत "व्हर्टिकल एचडी" आहे. नंतर मोड बदलता येतो, पण अक्षरांच्या आणि झूमच्या फिल्टरच्या जागा सरकतात, त्या एकेक तपासाव्या लागतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. २ जीबीपर्यंत मूळ फाइल जशीच्या तशी येते. व्हिडिओ म्हणून पाठवलेली दाबून येते, आणि गेलेला तपशील कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

मात्रावेलांटी

मराठी अक्षरांवर कोणीच लिहिलं नाही अजून, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात. सविस्तर लिहिते.

तक्रार एक: टायटलमध्ये मराठी पेस्ट केलं की रोमन अक्षरांची खिचडी येते. हा मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखं वाचलं जाणारं अक्षरांचं मानक) नाही. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखमध्ये टाइप केलेला आहे. तो फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरंच असतात. तपासायला नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथेही खिचडी दिसली तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करा. मग "ऱ्य", "ऱ्ह" आणि रफार डोळ्यांनी तपासा, रूपांतरात तेच जास्त बिघडतात.

तक्रार दोन: फॉन्ट कितीही बदलला तरी मराठी तेच दिसतं. यादीतले बहुतेक फॉन्ट फक्त रोमन असतात. त्यांत देवनागरी नसली की विंडोज गुपचूप निर्मला यूआय आणून लावतं. यादीत पन्नास नावं असली तरी अक्षर एकच. मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी यांसारखे फॉन्ट उतरवा. फाइलवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" निवडा, कारण फक्त एका खात्यापुरता टाकलेला फॉन्ट काही एडिटरना दिसत नाही. मग एडिटर बंद करून पुन्हा उघडा. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या.

तक्रार तीन, आणि ही सॉफ्टवेअरचीच उणीव: "शिक्षक" लिहिलं तर पहिली वेलांटी श च्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, क्ष फुटून क आणि ष वेगळे दिसतात. मजकूर साठवताना वेलांटी अक्षरानंतरच असते. ती उचलून आधी मांडायचं काम अक्षरजुळणीच्या यंत्रणेचं असतं. ज्या टायटल टूलमध्ये ती यंत्रणा नाही तिथे फॉन्ट बदलून काहीही होत नाही. शॉटकटचं "टेक्स्ट: सिंपल" आणि केडेनलाइव्हचं टायटलर क्यूटी या सॉफ्टवेअर संचावर चालतात, त्यात ही यंत्रणा आहे, म्हणून तिथे जोडाक्षरं नीट येतात. मोबाइल अ‍ॅप आणि तयार टायटल टेम्पलेटमध्ये हे हमखास तपासा. चाचणीची ओळ म्हणून "शिक्षकांच्या कार्यक्रमातील विद्यार्थ्यांचे स्वागत" एवढं लिहून बघा, बहुतेक अडचणी एका ओळीत उघड होतात.

तुटत असेल तर खात्रीचा मार्ग: इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० × १०८० पिक्सेलचं पान घ्या, अक्षरं लिहा, पान पीएनजी म्हणून एक्स्पोर्ट करा. मागे रंग दिला नाही तर पार्श्वभूमी पारदर्शक राहते. ती पीएनजी एडिटरमध्ये वरच्या ट्रॅकवर ठेवा, फेड इन-आउट लावा. रिझॉल्व्ह असो की ओपनशॉट, अक्षर बिघडूच शकत नाही. प्रत्येक दुरुस्तीला पुन्हा एक्स्पोर्ट करावं लागतं, म्हणून मूळ एसव्हीजी (इंकस्केपची बदलता येणारी फाइल) जपून ठेवा.

तक्रार चार: टाइपरायटर इफेक्ट. तो एकेक चिन्ह उघडत जातो, त्यामुळे "स्त्री" हा शब्द स, स्, स्त, स्त्, स्त्र, स्त्री असा लुकलुकत येतो. केडेनलाइव्हमध्ये उघडण्याची पद्धत अक्षरवारऐवजी शब्दवार करा. मराठीत तेच शोभतं.

शेवटचं: अक्षरांमागे रंगाची पट्टी दिली की रफार आणि वरच्या मात्रा पट्टीबाहेर जातात किंवा कापल्या जातात. पट्टीचं माप रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेलं असतं. वर थोडी जागा जास्त द्या. उपशीर्षकांची एसआरटी फाइल नोटपॅडमधून साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं.

निवांत

मात्रावेलांटी, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

इथे सगळी चर्चा शॉटकट-केडेनलाइव्हभोवती फिरते आहे, त्याला मात्र मला थोडा विरोध करायचा आहे. नवशिक्यांनी शॉटकट-केडेनलाइव्हमध्ये वेळ घालवण्यापेक्षा थेट रिझॉल्व्ह शिकावं. रंग, आवाज, सगळं एका छताखाली, आणि पुढे व्यावसायिक काम मिळालं तर तेच कामी येतं.

फ्रेममोजणी

चांगलं मशीन असेल तर सहमत. पण वर ज्या मशीनची चर्चा चालली आहे त्यावर ते चालणार नाही. रिझॉल्व्हला १६ जीबी रॅम आणि स्वतःची मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड लागतं. नसेल तर "जीपीयू मेमरी फुल" येत राहतं. टाइमलाइन रेझोल्यूशन १०८०पी वर आणून काही काळ भागतं, त्यापुढे नाही.

दुसरं, त्याचा प्रोजेक्ट मुळात २४ फ्रेमवर उघडतो. पहिली क्लिप आणताना ते "फ्रेम रेट बदलू का" विचारतं. तिथे नाही म्हटलं आणि काम सुरू केलं की प्रोजेक्टची गती कुलूपबंद होते. त्यातून बाहेर पडायचं तर नवी टाइमलाइन बनवा, "यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज" ची खूण काढा आणि फॉरमॅट टॅबमध्ये ३० निवडा.

तिसरं लिनक्सवाल्यांसाठी. तिथे फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ उघडत नाही, एएसी आवाजही नाही. म्हणजे फोनची कुठलीच फाइल सरळ चालत नाही. चित्र "मीडिया ऑफलाइन" किंवा नुसता आवाजहीन तुकडा. शटर एन्कोडर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचं व्हिडिओचं स्वरूप) आणि पीसीएम (न दाबलेला) आवाज असं करून मोव्ह फाइल बनवावी लागते. १०८०पी ला एचक्यू दर्जात मिनिटाला साधारण दीड जीबीच्या वर जागा जाते. तासाभराच्या कार्यक्रमाला १०० जीबी धरून चाला.

निवांत

लिनक्सचा मुद्दा मान्य. विंडोज आणि मॅकवर मात्र माझं मत कायम आहे. मॅकवर आयमूव्हीमध्ये उभा प्रोजेक्ट बनवताच येत नाही, टाइमलाइन १६:९ चीच. रीलसाठी तिथेही शेवटी रिझॉल्व्हकडेच यावं लागतं.

उंबरा

केडेनलाइव्ह. काल सगळं ठीक होतं, आज प्रोजेक्ट उघडला तर निम्म्या क्लिप "सापडत नाहीत". फाइली तर लॅपटॉपवर आहेत.

कात्री

प्रोजेक्टच्या फाइलीत व्हिडिओ नसतो, तो कुठल्या जागी आहे त्याचा पत्ता फक्त असतो. फोल्डरचं नाव बदललं, फाइल हलवली, पेनड्राइव्हचं अक्षर ई वरून एफ झालं, की पत्ता चुकला. उघडताना येणाऱ्या खिडकीत "सर्च रिकर्सिव्हली" निवडून फोल्डर दाखवा, बहुतेक सगळं सापडतं.

विंडोजवर वनड्राइव्हही पाहा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हखाली गेले असतील तर जागा वाचवायला ते फाइल क्लाउडवर ठेवून इथे नुसतं नाव दाखवतं. फाइलवर ढगाची खूण दिसेल. एडिटिंगचं फोल्डर सरळ डी ड्राइव्हवर करा.

फोन केबलने जोडून त्यातूनच क्लिप ओढणं हा आणखी एक सापळा. केबल काढली की गेलं. आधी कॉपी, मग एडिट. काम संपल्यावर केडेनलाइव्हचं "आर्काइव्ह प्रोजेक्ट" वापरा, सगळ्या फाइली एका जागी गोळा होतात. प्रोजेक्टच बिघडला असेल तर फाइल मेन्यूत "ओपन बॅकअप फाइल" आहे, त्यात वेळेनुसार जुन्या प्रती सापडतात.

पेनड्राइव्ह

हँडब्रेकनंतर चाळीस मिनिटं शेवटपर्यंत आवाज जुळला! आता एक्स्पोर्ट मध्येच थांबतंय. बाहेरच्या ड्राइव्हवर जागा ५० जीबी मोकळी आहे, तरी प्रत्येक वेळी ४ जीबीच्या आसपास अडतं.

फ्रेममोजणी

ड्राइव्ह फॅट३२ आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, कितीही जागा असो. लॅपटॉपच्या डिस्कवर एक्स्पोर्ट करा, किंवा ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

पण व्याख्यानाला ४ जीबी लागायलाच नकोत. शॉटकटच्या एक्स्पोर्टमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, कोडेक टॅब, रेट कंट्रोल "क्वालिटी-बेस्ड", ५५ टक्के. हे सीआरएफ २३ च्या बरोबरीचं (सीआरएफ म्हणजे हँडब्रेकमधल्या आरएफसारखाच दर्जाचा आकडा). यूट्यूबवर चढवायचं तर ६० टक्के ठेवा. "हार्डवेअर एन्कोडर" ची खूण लावली तर काम लवकर उरकतं, पण त्याच दर्जाला फाइल मोठी होते. घाई नसेल तर खूण काढा आणि रात्री लावून ठेवा.

उंबरा

ढगाची खूणच होती. आता सगळं सापडलं. मोबाइलवर करायचं झालं तर कुठलं अ‍ॅप? कॅपकटची एपीके (अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची फाइल) एकाने पाठवली आहे.

मात्रावेलांटी

ती टाकू नका. कॅपकट भारतात अधिकृतपणे मिळत नाही, आणि कोणीतरी पाठवलेल्या एपीकेत काय भरलं आहे ते कळायला मार्ग नसतो. त्याच फोनवर बँकेचं अ‍ॅप आणि ओटीपी असतात.

व्हीएन आणि यूकट वॉटरमार्कशिवाय एक्स्पोर्ट देतात. इनशॉटचा वॉटरमार्क जाहिरात पाहून काढता येतो. काइनमास्टरचा फुकटात जात नाही. व्हीएनमध्ये बाहेरचा फॉन्ट आणता येतो, म्हणून मराठीसाठी मी तेच सुचवते. मुक्ताची टीटीएफ फाइल फोनवर उतरवा, टेक्स्टच्या फॉन्ट यादीतून ती आत घ्या आणि वर दिलेली चाचणीची ओळ आधी लिहून बघा. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की पुन्हा एकदा तपासा.